पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीसाठी आहे, पाड्यावर काम करणाऱ्या संस्थेसाठी नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) निधीतून दुर्गम गावांत झालेल्या कामांच्या बातम्या आपल्या दैनिकात नेहमी येतात. पाण्याची टाकी, शाळेची खोली, सौरदिवे, फिरता दवाखाना. काम उभे राहिले की फीत कापली जाते आणि फोटो छापून येतो. दोन पावसाळे उलटल्यावर त्यातले काय चालू राहते, हे मात्र अनुदानाच्या करारनाम्यात काय लिहिले होते यावर ठरते. त्या करारनाम्यांविषयी, आणि विशेषतः त्यातल्या एका चुकीच्या अटीविषयी, हे पत्र आहे. पत्र थोडे लांबले आहे. विषय तपशिलाचा असल्याने इलाज नाही.

कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. या कलमाखाली येणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. २२ जानेवारी २०२१ रोजी या कायद्याखालील नियमांत मोठी सुधारणा झाली. प्रशासकीय खर्च कंपनीच्या त्या वर्षीच्या एकूण सीएसआर खर्चाच्या पाच टक्क्यांहून जास्त नसावा, असे नियम ७ सांगतो. आता प्रशासकीय खर्च कशाला म्हणायचे, तेही नियम २ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. कंपनीने आपल्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर केलेला खर्च म्हणजे प्रशासकीय खर्च. एखाद्या विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट झालेला खर्च त्यातून वगळलेला आहे.

म्हणजे ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या कार्यालयावर आहे. असे असूनही संस्थांना प्रस्तावासाठी जो एक्सेलचा तक्ता पाठवला जातो, त्यात शेवटची ओळ सर्रास 'प्रशासन : कमाल ५ टक्के' अशी असते. त्या एका ओळीत क्षेत्र समन्वयकाचा पगार, जीपचे डिझेल, हिशेबनीस आणि लेखापरीक्षणाची फी असे सगळे कोंबायला सांगतात. समजा, २० लाखांचा प्रकल्प आहे आणि तो १८ महिने चालणार आहे. पाच टक्के म्हणजे एक लाख, महिन्याला साडेपाच हजार. तालुक्याच्या गावापासून चाळीस-पन्नास किलोमीटर आत असलेल्या पाड्यांवर महिन्यातून चार-सहा वेळा जाणारा माणूस एवढ्यात ठेवता येत नाही.

मग संस्था दोनपैकी एक गोष्ट करते. पगार 'प्रशिक्षण' किंवा 'जनजागृती' या शीर्षाखाली टाकते, म्हणजे हिशेब पहिल्या दिवसापासून खोटा होतो. नाहीतर माणूसच कमी करते. अशा वेळी सिमेंट येते, पाइप येतात, पण पाइप पुरताना चर किती खोल आहे हे पाहायला तिथे कोणी नसते. खडक लागला म्हणून मजुरांनी अर्धा फुटावर पाइप टाकून वर माती ओढली, तर पुढच्या नांगरणीत तो फुटणार हे ठरलेलेच. दुर्गम भागात माणसाचा खर्च हाच कामाचा खर्च असतो. शहराजवळच्या शाळेला बाक द्यायचे असतील तर पाच टक्क्यांत भागेल. गडचिरोलीतल्या भामरागडच्या आतल्या गावात किंवा नंदुरबारमधल्या धडगावच्या डोंगरात ते भागणार नाही.

संस्थांनी यावर करायचे ते असे. अंदाजपत्रकात 'प्रशासन' हा शब्दच ढोबळपणे वापरू नये. प्रकल्प कर्मचारी, प्रवास, देखरेख आणि प्रकल्पाचे लेखापरीक्षण या चार वेगळ्या ओळी कराव्यात आणि प्रत्येक ओळीपुढे हिशेब उलगडून लिहावा : समन्वयक एक, मासिक मानधन इतके, या प्रकल्पाला दिलेला वेळ ६० टक्के, महिने १८. प्रवासाचेही तसेच : फेऱ्या महिन्याला सहा, एका फेरीचे किलोमीटर इतके, दर इतका. कर्मचाऱ्याच्या वेळेचे मासिक पत्रक ठेवावे आणि त्यावर त्याची व त्याच्या वरिष्ठाची सही असावी. मुख्य कार्यालयाचे भाडे आणि संचालकाच्या वेळेचा वाटा स्वतंत्र ओळीत, कशाच्या आधारे काढला ते लिहून दाखवावा. कंपनीच्या अधिकाऱ्याने पाच टक्क्यांचा मुद्दा काढला, तर नियम २ मधली व्याख्या छापून समोर ठेवावी. बहुतेक वेळा अधिकाऱ्याची हरकत नसते. तक्ताच जुना चालत आलेला असतो आणि तो बदलायला कोणी सांगितलेले नसते.

परदेशी देणग्यांची वाट याआधीच अरुंद झाली आहे. परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या एफसीआरए कायद्यातल्या सप्टेंबर २०२० मधील दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि परदेशी देणगी मिळालेल्या संस्थेने ती दुसऱ्या कोणत्याही संस्थेला देण्यास मनाई केली. शहरातली मोठी संस्था निधी आणायची आणि तालुक्यातल्या चार लहान संस्थांना वाटायची, ही पद्धत त्या दिवशी संपली. लहान संस्थांपुढे सीएसआर हाच मुख्य पर्याय उरला, म्हणूनच त्यातली पाच टक्क्यांची गफलत इतकी महागात पडते.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. कंपनीचे वर्ष एप्रिल ते मार्च. जुलै-ऑगस्टमध्ये प्रस्ताव मागवायचे, मग कागदपत्रांची छाननी, मग कंपनीच्या सीएसआर समितीची बैठक, डिसेंबरात करारनामा, फेब्रुवारीत पहिला हप्ता आणि ३१ मार्चपर्यंत उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला. नुसते पैसे संस्थेच्या खात्यात टाकले म्हणजे ते खर्च झाले असे धरले जात नाही. दिलेली रक्कम ठरलेल्या कामासाठीच वापरली गेली, याची खातरजमा संचालक मंडळाने करायची असते आणि तसे प्रमाणपत्र कंपनीच्या वित्त प्रमुखाने द्यायचे असते. म्हणून मार्चमध्ये संस्थेवर घाईचा दबाव येतो आणि सहा आठवड्यांत साहित्य खरेदी उरकली जाते. पाइपांचे भेंडोळे आणि पॅनेल शाळेच्या व्हरांड्यात येऊन पडतात. बसवायला मजूर नसतात, कारण भाताची कापणी झाल्यावर गाव ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा बांधकामावर गेलेले असते. मेळघाटात काय किंवा सातपुड्यात काय, माणसे होळीला घरी येतात आणि अनेकदा पुन्हा निघून जातात. मेअखेर काम कसेबसे सुरू होते आणि जूनमध्ये रस्ता बंद. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तालुक्यातल्या गावांचा संपर्क तुटतो, हे दर वर्षीचे आहे.

गंमत म्हणजे कायद्यात यावर उत्तर आधीपासून आहे, फक्त ते वापरले जात नाही. प्रकल्पाला 'चालू प्रकल्प' अशी मान्यता दिली, तर सुरू झालेले वर्ष सोडून पुढची तीन वर्षे मिळतात. वर्षअखेर शिल्लक राहिलेली रक्कम ३० दिवसांत वेगळ्या 'अखर्चित सीएसआर खात्यात' टाकायची आणि तीन आर्थिक वर्षांत खर्च करायची. सुरुवातीला एकाच वर्षाचा म्हणून मंजूर झालेला प्रकल्पही संचालक मंडळ वाजवी कारण नोंदवून पुढे वाढवू शकते. असे न केल्यास मात्र शिल्लक रक्कम सहा महिन्यांत कंपनी कायद्याच्या परिशिष्ट सातमधील सरकारी निधीत जमा करावी लागते, आणि त्याच भीतीने मार्चची घाई होते. दुर्गम भागातला कोणताही बांधकामाचा प्रकल्प पहिल्या बैठकीतच 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करावा. पहिला हप्ता ऑक्टोबरच्या आत द्यावा, म्हणजे गाव स्थलांतरित होण्यापूर्वी गावात बैठका आणि खोदाई होते, आणि रस्ता वाळला की साहित्य वर चढते.

पाण्याच्या स्रोताची चाचणी तेवढी एप्रिल-मेमध्येच घ्यावी. नोव्हेंबरात भरलेल्या विहिरीवर केलेली उपसा चाचणी काहीच सांगत नाही. आटलेल्या दिवसांत पंप सलग चालवून पाणी किती खाली जाते आणि किती तासांत पुन्हा मूळ पातळीला येते, हे मोजले नसेल तर पुढचे सगळे गणित हवेत आहे. म्हणजे स्रोत तपासणीसाठी लहानशी रक्कम आधीच्या उन्हाळ्यात आणि मुख्य अनुदान पुढच्या ऑक्टोबरात, असे दोन टप्पे हवेत. ज्या कंपन्यांना हे पटते त्यांची कामे टिकतात.

एक उदाहरण पूर्ण मांडतो, कारण अनुदानातली खोट आकड्यांतच दिसते. ४०० वस्तीचा पाडा, माणशी रोजचे ५५ लिटर, म्हणजे २२ हजार लिटर. विहीर खाली ओढ्याकाठी आणि टाकी वर टेकाडावर. एकूण उचल ६० मीटर. एवढे पाणी वर न्यायला निव्वळ ऊर्जा लागते साधारण ३.६ युनिट. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ४५ टक्के धरली तर आठ युनिट. स्वच्छ उन्हाच्या दिवशी तीन किलोवॅटची पॅनेल सगळी तूट वजा जाता दहाच्या आसपास युनिट देतात, म्हणून तीन अश्वशक्तीचा पंप आणि तीन किलोवॅटची पॅनेल हा मेळ बरोबर बसतो. ढगाळ दिवसांत वीज निम्म्याहूनही खाली येते. त्यासाठी टाकी किमान एका दिवसाच्या, जमल्यास दोन दिवसांच्या पाण्याची हवी. इथपर्यंत बहुतेक प्रस्ताव ठीक असतात.

चूक होते ती पुढे. ६० मीटर उचल म्हणजे पाइपाच्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सहा किलोचा दाब, वर घर्षणाचा आणि पंप सुरू-बंद होताना बसणाऱ्या धक्क्याचा. सर्वांत कमी दराच्या कोटेशनमध्ये सहा किलोच्या वर्गाचाच पाइप असतो. कागदावर तो चालतो आणि पहिल्या उन्हाळ्यात सांध्यावर सुटतो. इथे दहा किलोचा पाइप लागतो. तीन कोटेशनांपैकी सर्वांत कमी दर घ्या, ही अट घालणाऱ्याने साहित्याचा वर्ग, जाडी आणि आयएसआय चिन्ह आधी ठरवून दिले पाहिजे. नाहीतर ती अट निकृष्ट मालच निवडते. कोटेशन 'कर वगळून' आणि 'तालुक्यापर्यंत पोच' असे असते, तेही अंदाजपत्रकात निसटते. जीएसटीचा परतावा अशा संस्थेला मिळत नाही. तो निखळ खर्च आहे. तालुक्यापासून पाड्यापर्यंतची वाहतूक, ट्रॅक्टर, बैलगाडी, नर्मदेकाठच्या गावांत होडी, शेवटच्या चढावर डोक्यावरून, ही वेगळी ओळ असलीच पाहिजे.

मग वीज पडून कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज पंपाला पुरवणारे यंत्र, जळतो. मुरमाड किंवा खडकाळ जमिनीत साधी अर्थिंगची सळई पुरत नाही. खड्डा घेऊन व्यवस्थित अर्थिंग करावे लागते, वीजरोधक बसवावा लागतो. विहीर आटली तर पंप कोरडा चालून जळतो. त्यासाठी पाणी नसताना पंप बंद करणारा सेन्सर लागतो. एकूण खर्चाच्या मानाने या वस्तू किरकोळ आहेत, पण 'अनावश्यक बाबी' म्हणून काटछाटीत पहिल्यांदा त्याच उडतात.

पॅनेल वीस-पंचवीस वर्षे चालतात. पंप आणि कंट्रोलर पाच-सात वर्षांत बदलावे लागतात. समजा, ते दोन्ही मिळून दीड लाखाचे आहेत आणि सहा वर्षे टिकतात. वर्षाला २५ हजार बाजूला पडले पाहिजेत. ८० घरे असतील तर घरटी महिन्याला २६ रुपये. त्यावर पंपचालकाचे मानधन आणि नळ-वॉशरची किरकोळ दुरुस्ती. हा हिशेब पहिल्या गावबैठकीत फळ्यावर मांडला, तर लोक प्रश्न विचारतात, घासाघीस करतात आणि रक्कम ठरवतात. उद्घाटनानंतर मांडला, तर पाणी फुकट असल्याचे सगळ्यांच्या मनात बसलेले असते. स्थलांतर करणारी घरे महिन्याला देऊ शकत नाहीत. त्यांची वर्षाची रक्कम होळीच्या वा दिवाळीच्या सुमारास एकदम घ्यावी लागते. गावाच्या देखभाल निधीत देणगीदाराने सुरुवातीची भर घालावी आणि निदान दोन वर्षे समन्वयकाच्या फेऱ्यांचा खर्च चालू ठेवावा. गावातली पाणी समिती मोडते ती या दोन वर्षांत, पैशावरून झालेल्या पहिल्या भांडणात. तेव्हा मध्ये बसून वही उघडणारे बाहेरचे माणूस लागते.

मालकीचा प्रश्नही वेळेवर कोणी पाहत नाही. सीएसआरमधून उभारलेली भांडवली मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही. ती सीएसआर नोंदणी क्रमांक असलेल्या न्यासाच्या, सोसायटीच्या किंवा कलम ८ खालील (ना-नफा) कंपनीच्या नावावर, लाभार्थ्यांच्या बचतगटाच्या वा तत्सम समूहाच्या नावावर, किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावावर असावी लागते. पाण्याच्या योजनेसाठी ग्रामपंचायत हा पर्याय सरळ आहे, त्यातही जमीन वनखात्याची असेल तर जास्तच. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार पिण्याच्या पाण्याची योजना आणि पाइपलाइन, अंगणवाडी, शाळा, अपारंपरिक ऊर्जा अशा १३ सार्वजनिक सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडायची नसावीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. पण ही तरतूद शासनाच्या व्यवस्थापनाखालील सुविधांसाठी आहे. खासगी न्यासाच्या नावाने अर्ज केला तर तो अडतो आणि अनुदानाची मुदत त्यातच संपते. म्हणून ग्रामसभेचा ठराव प्रस्तावाच्या आधी घ्यावा. ठरावात जागेचा गट क्रमांक किंवा वनकक्ष क्रमांक, मालमत्ता कोणाच्या नावे राहणार, पाणीपट्टी कोण गोळा करणार, हे तिन्ही लिहावे. 'काम करण्यास हरकत नाही' एवढ्याच वाक्याचा ठराव पुढे कामाला येत नाही.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. सीएसआर-१ फॉर्म भरून मिळणारा सीएसआर नोंदणी क्रमांक, आयकर खात्याची १२ ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) आणि ८० जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव ही लहान संस्थेसाठी पहिली पायरी आहे. सर्वांत जास्त प्रस्ताव मागे पडतात ते धर्मादाय आयुक्त कार्यालयातल्या बदल अर्जामुळे. विश्वस्त वारले किंवा बदलले, तर ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो. तो राहून जातो, आणि सही करणाऱ्याचे नाव परिशिष्ट एकच्या (धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदवहीच्या) उताऱ्यावर सापडत नाही म्हणून छाननीत फाइल परत येते. हे काम अनुदान मागण्याआधीच्या वर्षात उरकावे.

खर्चाच्या पावत्यांबाबत कंपन्यांनी समजून घेण्यासारखे आहे. बैलगाडीवाला जीएसटीचे बिल देऊ शकत नाही. वाळू चढवणाऱ्या बाया मस्टरवर अंगठा करतील, त्यांच्याकडे पॅन नसेल. एका व्यक्तीला एका दिवसात १० हजारांपेक्षा जास्त रोख दिलेला खर्च आयकर हिशेबात धरला जात नाही. ही मर्यादा संस्थेने काटेकोर पाळावी आणि त्याहून मोठी रक्कम थेट बँक खात्यात भरावी. त्याखालच्या रोख खर्चासाठी नाव, गाव, काम, दिवस, दर, सही वा अंगठा आणि दोन साक्षीदार असलेले व्हाउचर कंपनीने करारनाम्यातच मान्य करावे. तसे लिहिलेले नसेल तर दोन वर्षांनी आलेला लेखापरीक्षक तो खर्च अमान्य करतो, आणि मजुरी तर वाटून झालेली असते.

कायद्यात कंपनीने आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही म्हटले आहे. कारखाने जिथे आहेत तिथेच निधी साचतो, त्यामागे हे एक कारण आहे. पण ही तरतूद मार्गदर्शक आहे, दुसरीकडे खर्च करायला मनाई नाही. २०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेले, जिल्हे ठरवले, त्यात महाराष्ट्रातले गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि तेव्हाचे उस्मानाबाद होते. या जिल्ह्यांत, त्यातही पहिल्या दोहोंत, मोठे कारखाने मोजकेच. मुंबई-पुण्यातल्या सीएसआर समित्यांनी ठरवल्याशिवाय पैसा तिथे आपोआप पोहोचणार नाही. केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने पाच टक्क्यांच्या मर्यादेविषयी संस्थांच्या दृष्टीने एक स्वतंत्र, सोप्या भाषेतला खुलासा काढावा, ही आमची मागणी आहे. प्रकल्प कर्मचारी, प्रवास आणि देखभालीचा काळ हे प्रकल्प खर्चात येतात, एवढे त्यात उदाहरणांसह लिहिले तरी पुष्कळ होईल.

शेवटच्या हप्त्याबाबत एक सूचना. साधारणपणे काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि फोटो मिळाले की शेवटचे दहा टक्के दिले जातात. ते ठेकेदाराच्या बाबतीत एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा होईपर्यंत राखून ठेवावेत. समन्वयकाच्या पगाराचे पैसे मात्र आगाऊ द्यावेत. ते अडकले तर देखरेखच थांबते. राखलेली रक्कम सोडताना फोटोऐवजी तीन गोष्टी मागाव्यात : मे महिन्यातले रोजच्या पाण्याचे मोजमाप, पाणीपट्टीच्या वहीच्या मागील बारा महिन्यांच्या पानांच्या प्रती, आणि बिघाड झाला तेव्हा दुरुस्तीला किती दिवस लागले याची पंपचालकाने ठेवलेली नोंद.

आपले,
दुर्गम भागातील संस्थांसाठी प्रकल्प आणि हिशेबाचे काम करणारे कार्यकर्ते